प्रोसेस तपासणाऱ्या टूलमधले बग आणि त्यांची दुरुस्ती

सिस्टमवर कुठली प्रोसेस (म्हणजे सुरू केलेला प्रोग्रॅम) चालू आहे, कुठली अडकलीये, कुठली कधीच मेलीये हे बघून सांगणाऱ्या टूलला प्रोसेस चेकर म्हणतात. लिनक्सवर पीएस, टॉप, पीग्रेप ही रोजची टूल्स, शिवाय मॉनिटरिंगसाठी लोक स्वतःच्या स्क्रिप्ट लिहितात त्या वेगळ्या. या सगळ्यांना माहिती मिळते ती प्रॉक नावाच्या फाइलसिस्टममधून. तिथे प्रत्येक प्रोसेसच्या नंबरचा, म्हणजे पीआयडीचा, एक फोल्डर असतो पण त्या फाइल्स डिस्कवर नसतात, वाचायला गेलं की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) त्या जागच्या जागी बनवून देतो. अशा टूलमध्ये बग असला की टूल बंद पडतंच असं नाही, ते निवांत "सगळं ठीक" म्हणत राहतं आणि इकडे सर्व्हिस बंद असते, म्हणून या दुरुस्त्या मनापासून करायला हव्यात.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. कर्नल प्रोसेसचं छोटं नाव १५ अक्षरांपर्यंतच ठेवतो, पुढचं कापून टाकतो, त्यामुळे १८ अक्षरांचं नाव शोधणारी स्क्रिप्ट कायम "चालू नाही" असंच सांगणार. उपाय म्हणजे पूर्ण कमांड लाइनवर (प्रोसेस ज्या कमांडने सुरू झाली त्या आख्ख्या ओळीवर) शोधायचं, पीग्रेपला त्यासाठी छोट्या एफचा (-f) ऑप्शन आहे, पण मग दुसरीच अडचण येते की ते नाव नुसतं आर्ग्युमेंट (कमांडच्या पुढे दिलेला शब्द) म्हणून आलेली भलतीच प्रोसेस पण जुळते, उदाहरणार्थ त्याच नावाची फाइल एडिटरमध्ये उघडून बसलेला माणूस. पीएसचं आउटपुट ग्रेपला (मजकुरात शब्द शोधणाऱ्या टूलला) दिलं की ग्रेप स्वतःलाच सापडतो हा त्यातलाच प्रकार, पॅटर्नचं पहिलं अक्षर चौकटी कंसात टाकलं की तो जातो.

प्रत्येक पीआयडीच्या फोल्डरमधल्या स्टॅट फाइलचं पार्सिंग, म्हणजे तिची ओळ तोडून वाचणं, तर खास बघण्यासारखं आहे. तिच्यात एकाच ओळीत आधी पीआयडी, मग साध्या कंसात नाव, मग स्थितीचं एक अक्षर, मग पालक प्रोसेसचा (जिने ही सुरू केली तिचा) नंबर असं सगळं स्पेस देऊन लिहिलेलं असतं. बरेच जण सरळ स्पेसवर ओळ तोडतात आणि ते महिनोन्महिने चालतं पण. मग कोणीतरी टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालवणारं टूल) सुरू करतं, त्याच्या सर्व्हरच्या नावात "टीमक्स: सर्व्हर" अशी मध्ये स्पेस असते, झालं, सगळे रकाने एकाने सरकले, स्थितीच्या जागी नावाचा तुकडा आणि पालकाच्या जागी स्थितीचं अक्षर. पहिला बंद कंस शोधून तोडलं तरी भागत नाही कारण सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) एका प्रोसेसच्या नावातच कंस आहेत. बरोबर पद्धत एकच, ओळीतला शेवटचा बंद कंस शोधायचा आणि त्याच्या पुढचं वाचायचं.

दुसरा मोठा प्रकार वेळेचा. टूलने फोल्डरची यादी घेतली आणि फाइल उघडेपर्यंत प्रोसेस संपली तर एरर येते. ही रोजची गोष्ट आहे, तिथे टूलने क्रॅश व्हायचं नाही, ती प्रोसेस सोडून पुढे जायचं. उलटंही होतं, जुनी प्रोसेस मेली आणि तोच पीआयडी नव्या प्रोसेसला मिळाला. कर्नलमधली पीआयडीची मूळ मर्यादा ३२७६८, ६४ बिट सिस्टमवर ती ४१९४३०४ पर्यंत वाढवता येते, नंबर संपले की परत सुरुवातीपासून वाटप. म्हणून पीआयडी फाइलमधल्या (सर्व्हिसचा पीआयडी लिहून ठेवलेल्या फाइलमधल्या) नुसत्या नंबरवर विश्वास नको, स्टॅटमधला २२ वा रकाना म्हणजे प्रोसेस सुरू झाल्याची वेळ, ती पण जोडीला जपून ठेवायची. २०१९ च्या लिनक्स ५.३ पासून पीआयडीएफडी हँडलची (एका ठरावीक प्रोसेसलाच धरून ठेवणाऱ्या दुव्याची) सोय आली, ती एकदा योग्य प्रोसेसवर उघडली की नंतर नंबर दुसऱ्याला गेला तरी आपली गफलत होत नाही.

"प्रोसेस नाही" आणि "मला बघता आलं नाही" ही दोन उत्तरं वेगळी ठेवणं ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती. सिग्नल ० (प्रोसेसला काही न करता ती आहे का एवढंच बघणारा) पाठवून तपासताना परवानगी नाकारली गेली तर याचा अर्थ प्रोसेस जिवंत आहे, फक्त ती दुसऱ्या युजरची आहे, पण स्क्रिप्ट कुठलीही एरर आली की तिला मेली समजते. आणि झोंबी झालेल्या (संपलेल्या, पण पालकाने अजून नोंद न घेतलेल्या) प्रोसेसला हाच सिग्नल बिनदिक्कत यशस्वी होतो, म्हणजे काम थांबलेलं असताना टूल हिरवा दिवा दाखवतं. प्रॉक हाइडपीआयडी=२ ऑप्शनने माउंट केलेलं (सिस्टमला जोडलेलं) असेल तर इतरांच्या प्रोसेस दिसतच नाहीत, तेव्हा साध्या सिस्टमवर सुरुवातीलाच पीआयडी १ (सिस्टमची पहिली प्रोसेस) दिसतोय का बघावं, नसेल तर "माहीत नाही" असं उत्तर द्यावं.

सगळ्या तक्रारी बगच्या नसतात. पीएसमध्ये सीपीयू २ टक्के आणि टॉपमध्ये ९० टक्के दिसले तर दोन्ही बरोबर असू शकतात, पीएस जन्मापासूनची सरासरी देतो आणि टॉप मागच्या काही सेकंदांची.

बग पुन्हा घडवायला प्रॉकचा मार्ग कोडमध्ये कायमचा लिहू नये, बाहेरून देता यावा, म्हणजे खोटा फोल्डर करून त्यात स्पेसवालं नाव, दुहेरी कंस, रिकामी कमांड लाइन (कर्नल थ्रेडची रिकामीच असते) असं सगळं ठेवून टेस्ट चालवता येते. झोंबी खरीखुरी हवी असेल तर मूल प्रोसेस संपल्यावर वेट न करता (म्हणजे तिच्या संपण्याची नोंद न घेता) झोपून राहणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला की पालक जिवंत असेपर्यंत ती तिथेच बसते आणि टूल तिला काय म्हणतंय ते निवांत बघता येतं.