एक सेल, एक बल्ब, एकच तार

मुलाच्या हातात दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा बल्ब आणि दोन्ही टोकं सोललेली वीतभर तार द्या. होल्डर नको, पुस्तकातली आकृती तर मुळीच नको. फक्त म्हणा, "पेटव." बहुतेक मुलं तारेचं एक टोक सेलला आणि दुसरं बल्बच्या बुडाला टेकवतात. मग तक्रार येते, "जळूनच नाही राहिला ना!" येऊ द्या. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मिळणाऱ्या तयार किटमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो. बटण दाबलं की उजेड, डोक्यात मात्र अंधार.

मुलांचं हे चुकणं बावळटपणाचं नसतं. मिक्सरला, टेबलावरच्या दिव्याला त्यांना एकच वायर जाताना दिसते. तिच्या आत निदान दोन तारा असतात, हे कुणी सोलून दाखवलेलं नसतं. म्हणून टाकून दिलेल्या उपकरणाची वायर एकदा कापून दाखवाच. मग भिंग देऊन बल्ब निरखायला सांगा. फिलामेंटचं, म्हणजे आतल्या तापून उजळणाऱ्या बारीक तारेचं, एक टोक बुडाच्या टिकलीला, दुसरं बाजूच्या पितळी टोपीला जोडलेलं असतं. एवढं दिसलं की सेल, तार, बल्ब आणि पुन्हा सेल असा परिपथ मुलं स्वतःच पूर्ण करतात. जोडणीचे चार प्रकार निघतात. चारही शोधू द्या.

दुसरा गैरसमज जास्त चिवट असतो: वीज बल्बमध्ये 'खर्च' होते. दोन सेल आणि दोन अगदी सारखे बल्ब एकापाठोपाठ जोडा. प्रवाह वाटेत संपत असता, तर पहिला बल्ब लख्ख आणि दुसरा मिणमिणता दिसला असता. पण दोन्ही सारखेच मंद पेटतात. सायकलची साखळी सगळीकडे एकाच वेगानं सरकते, तसा इथला प्रवाह सगळीकडे सारखाच असतो. खर्च होते ती सेलमधली ऊर्जा.

दोन पथ्यं मात्र कडक पाळा. तार थेट सेलच्या दोन टोकांना जोडून ठेवली तर चांगलीच तापते, आणि भिंतीतल्या २३० व्होल्टशी प्रयोग नाहीत. ओल्या कूलरला हात लावू नये, हे नागपूरच्या मुलांना वेगळं सांगायला नको!

आता संत्री. एका संत्र्यात जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तांब्याची जाड तार एकमेकांना न टेकवता खुपसा. व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर या दोन टोकांना लावला तर साधारण ०.९ व्होल्ट दाखवतो. तरी टॉर्चचा बल्ब पेटणार नाही. त्याला दोन-तीनशे मिलिअँपिअर इतका प्रवाह लागतो आणि संत्र्यातून जेमतेम एखादा मिळतो. तीन-चार संत्री ओळीनं जोडा, एकाचा खिळा पुढच्याच्या तांब्याला. तांब्याच्या मोकळ्या टोकाला लाल एलईडीचा लांब पाय, खिळ्याच्या टोकाला आखूड. खोलीत अंधार केलात तर ती मंद उजळलेली दिसेल.

"संत्र्यात वीज असते," असं मुलं लगेच जाहीर करतात. सगळ्या खिळ्यांऐवजी तांब्याच्याच तारा खुपसायला सांगा: एलईडी विझते. ऊर्जा येते ती विरघळणाऱ्या जस्तातून. रसाचं काम विद्युतभारित कणांना वाट देण्याचं. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानं १८०० साली दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून हेच साधलं होतं.

जस्त रसात उतरलेलं असतं, म्हणून ही संत्री खायची नाहीत.