रनिंग बोर्ड आणि मडगार्ड फिटिंग (फोर्ड मॉडेल ए)

जुनी गाडी रिस्टोर करताना पुढचे-मागचे मडगार्ड (फेंडर) आणि त्यांच्या मधला रनिंग बोर्ड, म्हणजे दाराखालची लांब पायरी, परत बसवायचं काम. १९२७ च्या शेवटी आलेल्या आणि १९३१ पर्यंत लाखोंनी बनलेल्या फोर्ड मॉडेल ए वर हे काम नीट समजतं, कारण सगळं बोल्टवर आहे.

वरवर सोपं वाटतं पण चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी आणि दोन्ही मडगार्ड यांच्यात जो काही थोडा थोडा फरक असेल तो सगळा रनिंग बोर्डपाशी येऊन जमा होतो, म्हणून बोर्ड बसत नसेल तर दोष बहुतेक वेळा बोर्डात नसतोच. आधी बोर्ड ज्यांच्यावर बसतो ते चासीवरचे ब्रॅकेट तपासायचे, वर्षानुवर्षं माणसं पाय देऊन चढल्याने ते खाली वाकलेले असतात. मग बॉडीखाली शिम (पातळ पट्ट्या) घालून दारांचे गॅप जुळवायचे, मडगार्ड त्यानंतरच. पुढच्या दोन मडगार्डना हेडलाइटचा आडवा बार जोडतो, तो वाकडा असेल तर मडगार्ड एकतर आत ओढले जातात नाहीतर बाहेर फाकतात आणि लोक उगाच पत्रा ठोकत बसतात.

सगळे बोल्ट आधी हाताने चार आटे लावून सैल ठेवायचे, स्प्लॅश एप्रन (बोर्ड आणि बॉडी यांच्या मधला पत्रा) आणि बोर्ड जागेवर आले की मगच थोडं थोडं आवळायचं. नवीन रिप्रॉडक्शन पार्टची (मूळ पार्टसारखे आता बनवलेले) भोकं बऱ्याचदा जुळत नाहीत, गोल कानशीने लांबट करावी लागतात, आणि हे ट्रायल फिटिंग पेंटच्या आधीच व्हायला हवं. पेंट झालेल्या मडगार्डवर कानस चालवायची म्हणजे रडायचीच वेळ.

मागचं मडगार्ड आणि बॉडी यांच्यात बीडिंग (सांध्यात घालायची लांब पट्टी) येतं. ते नसेल तर पत्र्यावर पत्रा घासून कुरकुर होते, पेंट जातो आणि तिथूनच गंज सुरू होतो. बोल्टच्या जागी बीडिंगला खाच द्यायची, नाहीतर तिथे ते फुगतं आणि लाइन बिघडते, फायनल आवळायच्या आधी सगळीकडे सारखं दिसतंय ना बघून घ्यावं.

अजून एक, गाडी ६ व्होल्टची आणि हेडलाइटचं अर्थिंग (करंट परत जायची वाट) गाडीच्या लोखंडातूनच, त्यामुळे सगळीकडे जाड नवीन पेंट बसला की लाइट मंद होतात. बोल्टखालचा पेंट खरवडायचा किंवा अर्थची वेगळी वायर टाकायची, दुसरा उपाय बरा.