रॅस माशांची उतरंड

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मासे निवडताना हाती पडणाऱ्या बहुतेक याद्यांत प्रत्येक जातीपुढे ‘शांत’ किंवा ‘भांडखोर’ असा शिक्का मारलेला असतो, आणि रॅस माशांच्या बाबतीत तो हमखास फसवतो. शांत म्हणून नोंदलेल्या एकाच जातीचे दोन नर एका टाकीत सोडले, तर थोड्याच दिवसांत त्यांतला एक फाटक्या परांनिशी खडकाच्या कपारीत दडून बसलेला दिसतो. त्याच जातीचा एक नर आणि तीन माद्या मात्र एकत्र सुखाने नांदू शकतात. भांडण जातीच्या स्वभावात असते तितकेच ते टाकीतल्या उतरंडीत, म्हणजे कोण वरचढ आणि कोण दबलेला या क्रमात असते.

रॅस म्हणजे लॅब्रिडी कुळातील मासे. या कुळात पाचशेहून अधिक जाती असून जेमतेम 8 सेंटिमीटरच्या फ्लॅशर रॅसपासून सुमारे 2 मीटरपर्यंत वाढणाऱ्या हम्पहेड रॅसपर्यंत त्यांचा पसारा आहे. टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक रॅसमध्ये मासा आधी मादी म्हणून वयात येतो आणि उतरंडीत वरची जागा मोकळी झाली तर पुढे नर होतो. 1972 मध्ये डी. रॉस रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील क्लीनर रॅसच्या (इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणाऱ्या रॅसच्या) कळपांत दाखवून दिले की नर नाहीसा होताच सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-अडीच आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात.

हे घडते कसे, याचा सर्वांत बारकाईने अभ्यास कॅरिबियन समुद्रातील ब्लूहेड रॅसवर झाला आहे. अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरोन या नर-संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रॅडिओल या स्त्री-संप्रेरकात करते, आणि अंडाशय अंडाशय म्हणून टिकून राहतो तो या संप्रेरकाच्या जोरावर. वरचा नर गेल्याची जाणीव मेंदूला झाली की अंडाशयातील अरोमाटेजचे जनुक मंदावते, इस्ट्रॅडिओल घटते, 11-कीटोटेस्टोस्टेरोन हे माशांमधील प्रमुख नर-संप्रेरक वाढते, अंडाशयाची ऊती झडू लागते आणि तिच्या जागी वृषणाची ऊती उभी राहते. डीएनएवरील मिथाइल गटांची मांडणीही याच काळात बदलते, म्हणजे जनुके तीच राहतात, पण त्यांतली कोणती उघडी आणि कोणती मिटलेली, हे नव्याने ठरते. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो 1996 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग: अंडाशय काढून टाकलेल्या मोठ्या माद्याही वरचा नर हटवल्यावर नरासारख्या वागू लागल्या. वागणूक बदलण्याचा हुकूम जननग्रंथीकडून येत नाही, तो मेंदूकडून येतो, आणि मेंदू तो देतो शेजारी कोण पोहत आहे हे पाहून.

टाकीतली निवड याच पायावर करावी. एका जातीचा एकच नर ठेवावा, माद्या त्याच्याहून लहान घ्याव्यात आणि शक्यतो सगळ्यांना एकाच वेळी सोडावे. वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवायच्या असतील तर अंगलट आणि रंग यांत फरक असावा, कारण आपल्यासारखा दिसणारा मासा रॅसला चटकन प्रतिस्पर्धी वाटतो. फ्लॅशर सर्वांत भित्रे, म्हणून ते आधी सोडावेत, मग फेअरी रॅस, मग पिवळा हॅलिकोएरिस, तोही एक रॅसच. सिक्सलाइन रॅस दहा सेंटिमीटरच्या आतबाहेरचा असला तरी एकदा टाकीत रुळला की नंतर येणाऱ्याला छळतो. शांत टाकीत त्याला जागा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवा मासा भोके असलेल्या पारदर्शक डब्यात तीन-चार दिवस टाकीतच ठेवला, तर जुने मासे काचेपलीकडून पर फुलवून धावून जातात आणि हळूहळू त्यांचा जोर ओसरतो.

झोपण्याची सोयही पाहावी लागते. हॅलिकोएरिस आणि लेपर्ड रॅस रात्री वाळूत शिरतात, त्यांना सुमारे 5 सेंटिमीटर बारीक वाळू हवी. फेअरी आणि फ्लॅशर खडकाच्या फटीत स्वतःभोवती चिकट पदार्थाचा पारदर्शक कोश विणून झोपतात. दचकले की सगळेच उडी मारतात, त्यामुळे टाकीवर जाळीचे झाकण हवेच.

क्लीनर रॅस टाकीत ठेवला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बरा होतो, हा दावा मात्र निखालस खोटा आहे. प्रवाळ खडकावर हा मासा दिवसाला सुमारे 1,200 परजीवी खातो हे खरे, पण ते माशांच्या कातडीवर बसणारे नॅथिड नावाचे बारीक कवचधारी जीव असतात. ठिपक्यांचा रोग करणारा क्रिप्टोकॅरिऑन हा एकपेशीय परजीवी कातडीच्या आत रुतलेला असतो, तिथे क्लीनर रॅसचे तोंड पोहोचत नाही. शिवाय घरच्या टाकीत पुरेसे खाद्य न मिळून हा मासा बहुधा उपाशी मरतो.

टाकीतला नर कधी मेला, तर घाईने दुसरा आणू नये. सर्वांत मोठी मादी इतरांभोवती पर ताणून घिरट्या घालू लागली असेल, तर बदल सुरू झालेला आहे. तिचे रंग पालटायला आणखी काही आठवडे लागतील, आणि या काळात बाहेरून आणलेला नर टाकीतला दुसरा नर ठरेल.