वजन जास्त म्हणजे चयापचय मंद?

वजन वाढलं की खापर मंद चयापचयावर फुटतं. प्रत्यक्ष मोजलं तर बहुतेकदा उलटं दिसतं: शरीर मोठं, तर विश्रांतीतला कॅलरीखर्चही जास्त.

ही मोजणी श्वासावरून होते. उपाशीपोटी, निवांत पडून राहायचं. चेहऱ्यावर मास्क किंवा डोक्यावर पारदर्शक हूड. किती ऑक्सिजन वापरला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला, त्यावरून यंत्र कॅलरी काढतं. आधी कॉफी घेतली किंवा व्यायाम केला, तर आकडा फुगतो. मनगटावरचं स्मार्टवॉच यातलं काहीच मोजत नाही. ते दाखवतं तो अंदाज, १९९० च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रासारखा वय-उंची-वजनावरून बांधलेला. थायरॉइड मंदावलं तर खर्च खरोखर घटतो, पण ते निदान रक्ततपासणीचं काम.