गाडीचा विमा आहे म्हणजे नवा स्टिरिओही त्यात आला?

‘फुल इन्शुरन्स आहे, मग बाहेरून बसवलेला स्टिरिओही कव्हर होतो, कंपनीला कळवायची गरज नाही.’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आणि पटण्यासारखाही आहे. ‘फुल’ म्हटल्यावर सगळंच आलं, असं कुणालाही वाटेल.

प्रत्यक्षात गाडीची विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, गाडी बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेल्या विक्री किमतीवरून ठरते. कारखान्यातून आलेला स्टिरिओ त्या किमतीत धरलेला असतो. नंतर नागपुरातल्या दुकानातून टाकलेला टचस्क्रीन, अँप्लिफायर, सबवूफर नसतो. त्यासाठी ‘आयएमटी २४’ ही वेगळी जोड लागते. जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या दरपत्रकात, तिचा दर किमतीच्या ४ टक्के होता: ३०,००० च्या सिस्टीमला १,२०० रुपये, वर जीएसटी. आता कंपनीनुसार फरक पडतो, विचारून घ्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर हा प्रश्नच नाही, त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही.

पडताळणी सोपी आहे. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या तक्त्यात, ‘इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज’ समोरचा आकडा पाहा. शून्य असेल तर बाहेरून बसवलेला स्टिरिओ कव्हर नाही. जीएसटीचं बिल जोडून विमा कंपनीला ईमेल करा आणि एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, हातात घ्या. एजंटचं ‘हो, झालं’ पुरेसं नाही.

जोड घेतली तरी सेट आपोआप बिघडला तर पैसे मिळत नाहीत. वायरिंग तोडून जोडलेलं असेल आणि शॉर्टसर्किटने आग लागली, तर नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर तिथेच बोट ठेवतो. म्हणून कपलर (वायर न तोडता जोडायचा प्लग) वापरा, अँप्लिफायरच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज लावा.