कानबाईची रात्र आणि नाचणारा बल्ब

नागपंचमीनंतरच्या रविवारी अमळनेरजवळच्या गावी आत्याच्या घरी कानबाई, ही खान्देशातली देवी, बसते. रात्रभर गाणी चालतात. मध्यरात्रीनंतर आत्याला मोठा उजेड नको असतो, समई दिसली पाहिजे. त्यासाठी बोर्डावर एक जुना गोल डिमर आहे, पिवळ्या बल्बांच्या काळातला. यंदा आतेभावाने तिथे ९ वॅटचे तीन एलईडी बल्ब लावले होते. डिमर अर्ध्यापर्यंत फिरवला, काही फरक नाही. आणखी फिरवला, तर तिन्ही लुकलुकायला लागले.

"हाऊ बल्ब काबर नाची राहिना रे भाऊ?" आत्याने मलाच विचारलं. घरात सोल्डरिंग आयर्न बाळगणारा मी एकटाच.

आतेभाऊ म्हणाला डिमर गेला, वायरमन म्हणाला बल्ब हलके आहेत. मी मेन पाडून एक एलईडी काढला आणि माळ्यावरचा जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब तिथे लावला. डिमर फिरवला, तर पिवळा बल्ब अगदी सावकाश मंद झाला. म्हणजे डिमर ठणठणीत होता. उरलेल्या दोघांचं नाचणंही बरंच थांबलं, पण मंद मात्र ते झाले नाहीत. दुखणी दोन होती, आणि ती वेगळी होती.

आधी नाचण्याचं बघू. आपल्या घरच्या विजेची लाट सेकंदाला ५० वेळा वरखाली होते, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा, प्रत्येकी १० मिलिसेकंदांची. डिमरमधला ट्रायॅक, म्हणजे करंट अडवणारा-सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, प्रत्येक अर्ध्या लाटेची सुरुवात कापतो आणि उरलेली पुढे सोडतो. एकदा उघडला की उघडं राहायला त्याला थोडा तरी करंट सतत वाहता लागतो. ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअर ओढतो, त्यात ते सहज भागतं. एलईडीचा करंट मुळात थोडा, तोही तुटक. ट्रायॅक मध्येच मिटतो, परत उघडतो, परत मिटतो. म्हणूनच डिमरवर अमुक वॅटपेक्षा कमी लोड लावू नका असं लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. मीही त्या रात्री टॉर्च मारून पहिल्यांदा वाचलं.

मंद न होण्याचं कारण जास्त गमतीचं आहे, आणि केळीच्या बागेत वावरलेल्या माणसाला ते लगेच कळेल. एलईडी बल्बाच्या बुडाशी ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं. त्यात एक कपॅसिटर, म्हणजे विजेचा हौद. २३० व्होल्टच्या लाटेचा माथा सुमारे ३२५ व्होल्टवर असतो आणि हौद भरतो तो या माथ्याजवळच. डिमरने प्रत्येक अर्ध्या लाटेचा पहिला निम्मा भाग पार कापून टाकला तरी माथा शिल्लकच राहतो! हौद तितकाच भरतो. डिमर अर्ध्यापर्यंत फिरवून काही होत नाही ते यामुळे.

त्याच्या पुढे हौदाची पातळी उतरू लागते, तरी उजेड कमी होत नाही. कारण हौदापुढे बसलेलं सर्किट एलईडीला ठरलेलाच करंट देतं, दाब काहीही असो. ठिबकमध्ये काही ड्रिपर असे येतात, की मेन व्हॉल्व्ह थोडा बंद केला तरी प्रत्येक झाडाला तेवढंच पाणी. हा तसाच हट्टी ड्रिपर. व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी उजेड हलू नये म्हणूनच तो बसवलेला असतो, आणि खान्देशातल्या व्होल्टेजपुढे त्याची गरज मी नाकारणार नाही. पण डिमरची खूणही तो व्होल्टेजची कुरकुर समजून पचवून टाकतो. शेवटी हौद फारच रिकामा झाला की सर्किट बंद पडतं, हौद भरला की जागं होतं, की परत बंद. हे लुकलुकणं ट्रायॅकच्या लुकलुकण्यात मिसळलं की ओळखू येत नाही.

डिमर नसतानाही बल्ब लुकलुकत असेल तर मात्र बहुधा कपॅसिटर वाळला असं समजावं. आतलं तापमान १० अंशांनी वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद ग्लोबमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. पंख्याचा पायऱ्यांचा रेग्युलेटर बल्बाला लावायचा उद्योगही करू नये. त्यात कपॅसिटरच असतात, आणि हट्टी ड्रिपरपुढे त्यांचंही काही चालत नाही.

डिमरची खूण ओळखणारे ड्रायव्हर असतात. खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेले बल्ब घ्यावेत, पण डिमरशी जोडी जुळते का ते लावूनच कळतं. रविवारी रात्री ते कुठून आणणार? मी डिमर काढून बल्ब सरळ जोडले आणि नंतर बंदच ठेवले. कानबाईमागे १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि तिच्या तारेत छोटा डीसी डिमर लावला. तो लाट कापत नाही. पट्टी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि चालू राहण्याचा वेळ कमी-जास्त करतो. डोळ्याला फक्त मंद उजेड दिसतो.

आतेभावाच्या मोबाइलला मात्र ते चालू-बंद दिसलं, व्हिडिओभर काळे पट्टे आले. पट्टी पूर्ण उजेडावर ठेवून शूट कर, मी म्हणालो. आत्याने डिमरला हात लावू दिला नाही.