शाळेतील मुलांची सुरक्षा: कळवण्याच्या सक्तीमागची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्यावरून लोक रेल्वेरुळांवर उतरले, तेव्हा संताप एकट्या आरोपीवर नव्हता. शाळेला कळूनही ती गप्प बसली, हा आक्षेप तितकाच मोठा होता. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले तेही यासाठीच. त्या मुली बालवाडीतल्या होत्या, पण असा गुन्हा पोलिसांना कळवण्याची सक्ती करणाऱ्या ज्या तरतुदीखाली ही कारवाई झाली तिचा खरा पेच पडतो तो नववी ते बारावीच्या वर्गांत.

या वर्गांकडे धोरणाचे लक्ष उशिरा गेले. शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून शारीरिक शिक्षेला बंदी घातली, पण तो ६ ते १४ वयोगटापुरता. आपल्याकडे पाचवी ते दहावी बहुधा एकाच इमारतीत भरते. आठवीपर्यंत ज्या कलमाने छडी आणि उठाबशांपासून संरक्षण दिले, ते नववीत गेल्यावर सुटते. लैंगिक अत्याचाराबाबत तर तोवर वेगळा कायदाच नव्हता. २००७ मध्ये केंद्राने १३ राज्यांत केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास सांगितला, तेव्हा विषय ऐरणीवर आला.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यातली सर्वांत वादग्रस्त तरतूद म्हणजे कळवण्याची सक्ती. गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना सांगायलाच हवे. न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 'आधी अंतर्गत चौकशी करू, मग बघू' याला कायद्यात जागा नाही. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, आणि ही गोष्ट शिक्षकांना फार कमी वेळा सांगितली जाते.

या सक्तीच्या विरोधकांचा मुद्दा हलका नाही. दहावीतली मुलगी बाईंशी विश्वासाने बोलते आणि बाईंना तो विश्वास पाळण्याची मुभाच नसते. त्यात संमतीचे वय १८. मूळ विधेयकात १६ ते १८ वयोगटाच्या संमतीचा विचार होता, तो संसदीय समितीच्या शिफारशीनंतर वगळला गेला. त्यामुळे अकरावीतल्या दोघांचे प्रेमप्रकरणही गुन्ह्यात मोडू शकते आणि ते कानावर आलेला वर्गशिक्षक कात्रीत सापडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव, तिने आणि पालकाने विनंती केल्यास, पोलिसांना न कळवण्याची सवलत डॉक्टरांना दिली. शिक्षकांना अशी मोकळीक नाही. २०२३ मध्ये विधी आयोगाने वय कमी करू नये, असाच सल्ला दिला.

तरीही सक्ती काढावी, असे मला वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचे प्रकरण पाहा. २०१९ मध्ये तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा खटला रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि वेळेवर कळवणे किती महत्त्वाचे, हे ठणकावले. घरापासून दूर राहणाऱ्या त्या मुलींसाठी बोलायला दुसरे कोण होते? संस्थेच्या मर्जीवर सोडले, तर बहुतेक वेळा नाव वाचते ते संस्थेचे.

उणीव सक्तीच्या आजूबाजूच्या व्यवस्थेत आहे. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि नियमित प्रशिक्षण मार्च २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले, आणि त्याच महिन्यात शाळांना टाळे लागले. राज्यात तक्रारपेट्यांचा आदेश त्याआधीचाच, मुलींच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांचा २०२२ चा. बदलापूरनंतर लगेच निघालेल्या शासन निर्णयाने हेच पुन्हा बजावले, भर मात्र सीसीटीव्हीवर दिला. पेटी अनेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या दाराशेजारीच, शिपायाच्या स्टुलासमोर टांगलेली असते. चिठ्ठी कोण टाकते, हे सगळ्यांना दिसते. तक्रार ऐकल्यावर मुलीला पहिले वाक्य काय बोलायचे, पोलीस येईपर्यंत तिच्याजवळ कोणी थांबायचे, हे शिकवण्यावर कॅमेऱ्यांइतका खर्च झालेला नाही.